दान पावलं!

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मध्यमवर्गीय घरात जी यादी तयार होते, तिच्याइतके प्रामाणिक वाङ्मय क्वचितच लिहिले जात असेल. अनारशांना तांदूळ किती, चकलीची भाजणी घरची की विकतची, कोणाला साडी, कोणाला सदरा, आकाशकंदील नवा आणायचा की गेल्याच वर्षीचा पुसून लावायचा, हे सारे तीत असते. आणि यादीच्या अगदी तळाशी एक ओळ असते : 'पोस्त'. भांडी घासणाऱ्या मावशी, कचरा नेणारे दादा, इमारतीचा रखवालदार, पोस्टमन, पहाटे वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, यांना द्यावयाची रक्कम. ही ओळ लिहिताना पतिपत्नींत होणारा संवाद ऐकण्याजोगा असतो. 'गेल्या वर्षी किती दिले होते?' 'शेजारच्यांनी किती दिले, विचारलेस का?' 'यंदा एवढे दिले तर पुढच्या वर्षी त्याच्या वर मागतील!'

या संवादाला एक तिसरा श्रोता असतो. तो पाच-सहा वर्षांचा असतो. जमिनीवर बसून तो किल्ल्यावरचे मावळे मांडीत असतो आणि त्याचे आपल्याकडे मुळीच लक्ष नाही, अशी आपली ठाम समजूत असते.

मुलांना दानधर्माचे वळण कसे लावावे, हा प्रश्न अनेक सुजाण आईबाप विचारतात. प्रश्न चांगला आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. ते असे, की आपण शिकवायला बसू त्या दिवसापासून मूल शिकू लागेल. वस्तुतः मावळे मांडणाऱ्या त्या श्रोत्याचा अभ्यासक्रम कधीच सुरू झालेला असतो. देणे म्हणजे काय, कोणाला द्यायचे, कसे द्यायचे, देताना चेहरा कसा करायचा आणि दिल्यावर दार किती जोरात लावायचे, हे सारे धडे तो रोज गिरवीत असतो. तेव्हा मुलांना काय शिकवावे, याआधी त्यांनी आपल्याकडून काय उचलले आहे, ते पाहिले पाहिजे.

नचिकेताने काय पाहिले?

आपल्या परंपरेत दानशूरांची वाण नाही. पाडव्याच्या दिवशी ज्याचे राज्य येवो म्हणून आपण प्रार्थना करतो, तो बळिराजा गुरूने सावध केले असताही वामनाला दिलेल्या शब्दाला जागला. कर्णाने कवचकुंडले उतरवून दिली. या कथा मुलांना जरूर सांगाव्यात. परंतु दानाच्या बाबतीत मुलांच्या नजरेचे सामर्थ्य जाणायचे असेल, तर आईबापांनी स्वतः वाचावी अशी कथा कठोपनिषदात आहे.

वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला. दक्षिणा म्हणून तो गाई देत होता. त्याचा मुलगा नचिकेत अजून लहान होता. त्याने त्या गाईंकडे नीट पाहिले. त्यांचे शेवटचे पाणी पिऊन झाले होते, शेवटचे गवत खाऊन झाले होते, दूध केव्हाच आटले होते. म्हणजे, घरात ज्यांचा काही उपयोग उरला नव्हता, नेमक्या त्याच गाई वडील पुण्याच्या खात्यावर मांडत होते! मुलगा बापाला खोटारडा म्हणाला नाही. त्याने एवढेच विचारले, की बाबा, मला तुम्ही कोणाला देणार? एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. बाप संतापला आणि म्हणाला, की तुला मी मृत्यूला देतो.

पुढचे तत्त्वज्ञान थोर आहे. परंतु आरंभीचा हा प्रसंग आपल्या प्रत्येकाच्या घरात घडतो. वडिलांचा संताप नीट पाहावा. चोरी उघडकीस आलेल्या माणसाचा तो संताप आहे. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून गाठोडे निघते. त्यात चेन तुटलेली पँट, विटलेला परकर, एकच बाही शाबूत राहिलेला स्वेटर असतो. हे 'गरिबांना' द्यायचे ठरते आणि घरातले चिरंजीव विचारतात, 'आई, हे फाटलंय ना? मग ते कसं घालतील?' यावर 'तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?' असे उत्तर मिळाले, की समजावे, वाजश्रवस अजून हयात आहे.

हा केवळ घरगुती विनोद नाही. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे गेले. त्यांचे ढीगच्या ढीग वापराविना पडून राहिले; कारण त्यांतले कित्येक तिथल्या माणसांच्या उपयोगाचे नव्हते. 'गूंज' या संस्थेने पुढे ते निवडून मार्गी लावण्याचे काम हाती घेतले. ज्यांचे घरदार समुद्राने नेले, त्यांच्या दारात आपल्या माळ्यावरची अडगळ नेऊन टाकणारी माणसे दुष्ट नव्हती. 'आपल्याला नको ते द्यायचे, यालाच दान म्हणतात', असे लहानपणी कोणीतरी त्यांना नकळत शिकवलेले होते, इतकेच.

अडगळ देऊच नये, असे नाही. धुतलेला, बटणे लावलेला, इस्त्री केलेला जुना सदरा कोणाच्याही उपयोगी पडेल. पण मुलाला त्यातला फरक कळला पाहिजे. 'हे आपल्याला नको आहे, पण चांगले आहे, म्हणून देऊ' हा एक व्यवहार. 'हे आपल्यालाही हवे आहे, तरी देऊ' हे दान. दोहोंना दोन वेगळी नावे ठेवली, तरी निम्मे शिक्षण झाले.

मूळचे उदार, की मूळचे आप्पलपोटे?

मुले स्वभावतःच स्वार्थी असतात आणि संस्काराने त्यांना उदार करावे लागते, असा एक समज आहे. अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनी या समजाला चांगलाच धक्का दिला आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षेही पुरी न झालेल्या मुलांना खाऊ दिला आणि एका बाहुल्याला त्यातला खाऊ द्यायला लावला. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मोजला, तेव्हा स्वतःला खाऊ मिळाला त्या वेळेपेक्षा दुसऱ्याला देताना तो अधिक दिसला. त्यातही बाहेरून आणलेला खाऊ देताना जेवढा आनंद होता, त्याहून स्वतःच्या वाटीतला देताना जास्त!

ज्यांच्या घरात रांगते मूल आहे, त्यांना या प्रयोगाचे नवल वाटणार नाही. स्वतःच्या तोंडातले ओले बिस्किट काढून ते आजोबांच्या तोंडात कोंबणारे पोर प्रत्येकाने पाहिलेले आहे. तो घास नाकारू नये. आजोबांनी तो शक्य तेवढ्या आनंदाने गिळावा. या वयात देणाऱ्याला एवढेच कळायला हवे असते, की आपले देणे पोहोचले.

जर्मनीतील लायप्झिग येथे २००८ साली झालेला दुसरा प्रयोग आईबापांनी अधिक गंभीरपणे घ्यावा असा आहे. वीस महिन्यांची मुले अनोळखी माणसाची पडलेली वस्तू आपण होऊन उचलून देतात, हे आधी दिसून आले होते. आता काही मुलांना मदतीबद्दल दरवेळी खेळणे बक्षीस दिले, काहींचे नुसते कौतुक केले, काहींना काहीच दिले नाही. मग बक्षीस थांबवले. ज्यांना बक्षिसाची चटक लागली होती, त्यांची मदत कमी झाली. बाकीची दोन्ही प्रकारची मुले पहिल्यासारखीच मदत करीत राहिली. 'भावाला खेळणे दे, म्हणजे तुला चॉकलेट देते', या आपल्या नित्याच्या सौद्याचा हिशेब हा असा आहे. आपण देण्याची सवय लावतो आहोत असे आपल्याला वाटते. मूल मात्र विकण्याची सवय शिकत असते.

मग तीन-चार वर्षांचे झाल्यावर तेच मूल 'माझं! माझं!' म्हणून खेळणे छातीशी का धरते? मला वाटते, यात घाबरण्यासारखे काही नाही. त्या वयात त्याला 'मी' आणि 'माझे' यांचा शोध लागत असतो, आणि जे माझे नाही, ते मी देणार कसे? मालकी कळल्यावाचून दान कळत नाही. आपल्याकडे पाहुण्यांचे मूल आले, की घरच्या मुलाच्या हातातली मोटार काढून त्याला दिली जाते आणि वर 'तू मोठा ना? शहाणा ना?' अशी मखलाशी केली जाते. मोटार गेली, परंतु दान झाले नाही. झाली ती जप्ती. त्यापेक्षा पाहुणे येण्याआधी त्याला विचारावे, 'कोणती खेळणी सर्वांनी खेळायची आणि कोणती कपाटात ठेवायची?' एखादे लाडके अस्वल त्याने कपाटात ठेवले, तर ठेवू द्यावे. आपणसुद्धा सगळीच कपाटे पाहुण्यांसमोर उघडत नाही.

घरातली दुसरी मुलगी

आता थोडे अवघड बोलायचे आहे.

अनेक घरांत कामाला येणाऱ्या मावशी शाळेला सुटी असली म्हणजे आपल्या मुलीला बरोबर आणतात. ती आपल्या मुलीच्याच वयाची असते. आपली मुलगी कोचावर बसून चित्रे रंगवते. ती स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला टेकून, फरशीवर बसते. तिला बसायला कोणी सांगितलेले नसते आणि कोचावर बसू नको असेही कोणी सांगितलेले नसते. तिला चहा मिळतो, पण निराळ्या कपातून. तिला लाडूही मिळतो, बहुधा कालचा. आणि दिवाळीला आपल्या मुलीचा आखूड झालेला फ्रॉक तिला दिला जातो. 'बघ, किती छान! दे तिला,' असे आपण आपल्या मुलीला सांगतो. ती देते. दुसरी घेते. आपण समाधानाने पाहतो, की मुलीला देण्याचे वळण लागले.

पण या एका प्रसंगात आपल्या मुलीने दोन धडे घेतले. एक, द्यावे. दुसरा, देणारी माणसे कोचावर बसतात आणि घेणारी माणसे फरशीवर. पहिला धडा ती कदाचित विसरेल. दुसरा आयुष्यभर विसरणार नाही. आणि तो फ्रॉक घेणारी मुलगी? तिनेही एक धडा घेतला. तिला फ्रॉक आवडला असेल, नसेल. पण पुढच्या वेळी आपल्या मुलीच्या डोळ्याला डोळा भिडवून ती बोलेल का, हा प्रश्न आहे. शाळेत शेजारी बसल्या असत्या तर या दोघी मैत्रिणी झाल्या असत्या. आपण त्यांना दाती आणि याचक करून टाकले.

दानाने माणूस मोठा होतो, असे आपण म्हणतो. कोणापेक्षा मोठा, हे मात्र विचारीत नाही. ज्या देण्याने समोरचा लहान होतो, ते देणे मुलांना शिकवण्यापेक्षा काहीच न शिकवलेले परवडले. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. कुष्ठरोग्यांना भीक घालणारा समाज त्यांना पाहायला मिळालेला होता. त्यांनी त्यांच्या हाती कुदळ दिली, काम दिले, आणि भिकेने माणूस खचतो, कामाने उभा राहतो, हे दाखवून दिले. आनंदवनाची सहल काढणाऱ्या शाळांनी मुलांना हे एवढे जरी समजावून सांगितले, तरी सहलीचे भाडे वसूल झाले.

मग त्या दोन मुलींचे काय करावे? उपाय साधा आहे, फक्त आपल्याला थोडा जड जातो. दोघींना एकाच सतरंजीवर बसवावे आणि रंगपेटी मध्ये ठेवावी. एकाच डब्यातला लाडू, एकाच प्रकारच्या ताटलीत द्यावा. दिवाळीला फ्रॉक द्यायचा तर दुकानातून नवा आणावा. आणि तो आपल्या मुलीच्या हातून नव्हे, आईने मावशींच्या हाती द्यावा. म्हणजे त्यांच्या मुलीला तो तिच्या आईकडून मिळेल. पोस्त ही तर कृपा नव्हेच. वर्षभर आपले घर ज्यांच्या कष्टांवर चालले, त्यांचा तो हक्क. ती पाकिटात घालून, 'दिवाळी आनंदाची जावो' म्हणून, दोन्ही हातांनी द्यावी. पगार आणि दान यांची मुलांच्या मनात गल्लत होऊ देऊ नये. जो पगारात काटकसर करतो आणि दानात सढळ होतो, त्याच्या मुलांना हिशेब कधीच नीट येत नाही.

आधी घ्यायला शिका

आपल्या जुन्या चालीरीतींत पुष्कळ गोष्टी टाकण्याजोग्या होत्या आणि त्या आपण टाकल्या, हे योग्यच झाले. पण एका रीतीतला अर्थ मला नेहमी विचारात पाडतो. मुंजीत बटूला पहिल्यांदा काय करायला लावतात? भिक्षा मागायला. तीही प्रथम स्वतःच्या आईपाशी. हा संस्कार ठरावीक जातींपुरता आणि मुलग्यांपुरता राहिला, हा त्याचा मोठा दोष. पण ज्याने कोणी ही योजना केली, त्याला माणसाचे मन ठाऊक होते. ज्याने कधी हात पसरला नाही, त्याला देणाऱ्याचा चेहरा खालून कसा दिसतो, हे कळत नाही.

माधुकरी मागून आणि वार लावून जेवलेल्या मुलांची एक पिढीच्या पिढी या महाराष्ट्रात शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या मुलांच्या आठवणी वाचल्या, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. कोणी काय वाढले, हे त्यांना फारसे आठवत नाही. कोणी कसे वाढले, ते मात्र साठ वर्षांनंतरही आठवते. घरच्या मुलांच्या पंक्तीला बसवणारी माउली आठवते आणि पोळी वरून टाकणारा हातही आठवतो.

आजच्या मुलांना वार लावून जेवायला पाठवता येणार नाही आणि पाठवूही नये. पण घ्यायला शिकवता येईल. शेजारणीने वाटीभर खीर पाठवली, तर 'कशाला उगाच?' असे न म्हणता ती आनंदाने घ्यावी. मुलगा आजारी पडला आणि वर्गमित्राने त्याची वही लिहून दिली, तर त्याचे ऋण मुलाला कळू द्यावे. आपण सारेच कोणाकोणाचे घेत असतो, हे ज्याला लहानपणी समजले, तो मोठेपणी देताना ताठत नाही.

दान पोहोचले कसे कळणार?

आपल्या आजच्या घरांत आणखी एक अडचण उभी राहिली आहे, आणि ती आधीच्या पिढ्यांना नव्हती. हल्लीचे दान अदृश्य झाले आहे. पूर आला, भूकंप झाला, बाबा मोबाइल काढतात, दोनदा अंगठा लावतात, काम झाले. रक्कम मोठी असते, हेतू उत्तम असतो, संस्थेची पावतीही येते. परंतु शेजारी बसलेल्या मुलाला काय दिसले? बाबा मोबाइलशी काहीतरी करीत होते. त्याच अंगठ्याने त्यांनी सकाळी विजेचे बिल भरले होते आणि संध्याकाळी पिझ्झा मागवला होता.

वासुदेवाची आठवण येते ती इथे. मोरपिसांची टोपी, घोळदार झगा, हातात टाळ-चिपळ्या, अशी ती मूर्ती पहाटे दारात यायची. आई सुपातले धान्य मुलाच्या ओंजळीत द्यायची आणि मूल ते त्याच्या झोळीत घालायचे. चार दाणे वाटेत सांडायचे, त्याची कोणाला फिकीर नसे. मग वासुदेव मोठ्याने सांगायचा, की दान पावलं! आणि ते कोठे कोठे पावले, तेही सांगायचा. पंढरीच्या विठोबाला पावले, जेजुरीच्या खंडोबाला पावले, तुळजापूरच्या भवानीला पावले. मूठभर जोंधळे साऱ्या महाराष्ट्रात फिरून यायचे! त्या मुलाला दानाची पावती मिळायची, आणि शिवाय महाराष्ट्राचा भूगोल.

तीन गोष्टी या एका प्रसंगात साधत होत्या. देणे मुलाच्या हातून होत होते. ते डोळ्यांना दिसत होते. आणि ते पोहोचले, असे कोणीतरी आनंदाने सांगत होते. शिवाय घेणारा मान खाली घालून घेत नव्हता. तो गात होता, आणि त्याच्या गाण्याशिवाय ती सकाळ अपुरी राहिली असती. आजच्या आईबापांना वासुदेव मिळणार नाही. पण या तीन गोष्टी सांभाळता येतील. मोबाइलवर रक्कम पाठवायची तर खुशाल पाठवावी. आधी मुलाला जवळ बोलवावे, कोठे पूर आला ते नकाशात दाखवावे, आपण किती देणार आहोत ते सांगावे, त्याच्या डब्यातले दहा रुपये त्यात घ्यावेत, आणि बटण त्यालाच दाबू द्यावे.

दहा रुपयांनी काय होते, असे म्हणू नये. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका साध्या माणसाने 'पैसा फंड' काढला. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. लोकांनी थट्टा केली असेल. पण त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणी कुबेर नव्हता. खेड्यापाड्यांतल्या आयाबायांनी मूठमूठ धान्य बाजूला काढले. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. आणि धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेरीस मंगळसूत्रही. मुलांना कर्णाची गोष्ट जरूर सांगा. पण लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितल्यावाचून झोपवू नका. कर्णाची कवचकुंडले आपल्यापाशी नाहीत. मूठभर तांदूळ आहेत.

सिग्नलवरचा प्रश्न

मोटार सिग्नलला थांबते. काचेवर एक चिमुकला हात टकटक करतो. मागच्या आसनावरून प्रश्न येतो, 'बाबा, तिला पैसे का नाही देत?'

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि ते आहे असा आव आणू नये. मुंबई राज्यात १९५९ साली भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा झाला. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली, भीक मागणे हाच गुन्हा ठरवणारी त्याची कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. जिथे कायद्याचेच एकमत नाही, तिथे हिरवा दिवा लागेपर्यंत बाप काय निर्णय देणार? पण दोन उत्तरे निश्चित चुकीची आहेत. 'ती सगळी लबाड असतात' हे एक. आणि नाणे भिरकावून काच वर करणे, हे दुसरे. पहिल्याने मुलाचे मन निबर होते, दुसऱ्याने त्याला वाटते, की प्रश्न सुटला.

खरे तेच सांगावे. 'ती तुझ्याएवढी आहे. तिने आत्ता शाळेत असायला हवे. आपण पैसे दिले, तर कदाचित तिला रोज इथेच उभे करतील. म्हणून मी रोख देत नाही. पण तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखेही करणार नाही.' संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, हे मुलांना सांगावे आणि प्रसंगी त्यांच्यादेखत तो फिरवावा. जवळ बिस्किटांचा पुडा असला तर द्यावा, नसला तर मान हलवून हसावे. आणि घरी गेल्यावर तो विषय सोडू नये. ज्या मुलाला सिग्नलवरचा तो हात रात्री आठवतो, त्याच्या मनातले काहीतरी शाबूत आहे. ते 'झोप आता' म्हणून बुजवू नये.

काही व्यवहाराच्या गोष्टी

इतके लिहिल्यावर वाचक विचारतील, 'पण नेमके करायचे काय?' तेव्हा थोडे व्यवहाराचे.

पाच वर्षांखालच्या मुलाला उपदेश नको, काम द्या. उन्हाळ्यात गॅलरीत पाखरांसाठी पाणी ठेवणे, फराळाचे ताट शेजारी नेऊन देणे. ताटावरचा रुमाल घसरला आणि एखादी चकली वाटेत मोडली, तरी ताट त्यालाच नेऊ द्यावे.

सहा-सात वर्षांनंतर खाऊच्या पैशांचे तीन डबे करावेत : खर्चाचा, साठवणीचा आणि देण्याचा. तिसऱ्या डब्यात किती टाकायचे आणि ते कोणाला द्यायचे, हे मुलाने ठरवावे. त्याने ते भटक्या कुत्र्याच्या औषधाला दिले, तर अनाथाश्रमालाच दे म्हणून अडवू नये. त्याचे दान त्याचे राहू द्यावे.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला पैशांपेक्षा वेळ द्यायला शिकवावे. खालच्या मजल्यावरच्या अंधुक दिसणाऱ्या आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवणे, हे दान पैसेवाल्यालाही जमत नाही. आषाढी वारीला निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा कित्येक घरांतली मुले वारकऱ्यांना पाणी देतात, केळी वाटतात, दमलेल्या पायांना तेल लावतात. तिथे कोण कोणावर उपकार करतो, हे सांगता येत नाही. हीच त्या दानाची खूण. शीखांच्या लंगरमध्ये लहान मुले मोठ्यांच्या बरोबरीने वाढतात आणि सारे एकाच पंक्तीत जमिनीवर जेवतात. रमजान ईदच्या नमाजाआधी मुसलमान कुटुंबात फित्रा काढतात, तो घरातल्या तान्ह्या मुलाच्या नावानेसुद्धा. मुलाला बोलता येण्याआधी त्याच्या नावावर दान जमा झालेले असते! आपल्या शेजारच्या घरातली ही रीत आपल्या मुलांना ठाऊक असावी.

शाळांनाही एक विनंती आहे. ७ डिसेंबरला सैनिकांसाठी ध्वजदिन असतो. १९४९ सालापासून तो पाळला जातो. मुले छोटे ध्वज घेऊन पैसे गोळा करतात. पण सर्वांत जास्त रक्कम आणणाऱ्याला व्यासपीठावर बोलावले, की दुसऱ्या दिवशी मुले आईबापांच्या खिशाची स्पर्धा लावतात; आणि ज्याच्या घरून पाचच रुपये आले, तो मागच्या बाकावर मान घालून बसतो. सर्वांचे पैसे एकाच पेटीत, मोजदाद न करता पडावेत. तसेच मुलाच्या प्रत्येक दानाचा फोटो काढून तो नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरवण्याचा मोह आवरावा. फोटो निघतो तेव्हा मूल घेणाऱ्याकडे पाहत नाही, कॅमेऱ्याकडे पाहते.

आणि अखेर, बोलण्यापेक्षा करणे. १९७० साली ब्रायन आणि वॉलबेक या दोन अमेरिकन संशोधकांनी एक गमतीदार पण बोचरा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या मुलांनी 'द्यावे' म्हणणारा पण स्वतः न देणारा मोठा माणूस पाहिला, ती मुलेही 'द्यावे' असे म्हणू लागली आणि देईनाशी झाली. अनुकरण अगदी तंतोतंत!

महाभारतात अश्वमेध यज्ञाच्या अखेरीस एक मुंगूस येते. त्याचे अर्धे अंग सोन्याचे असते. एका गरीब कुटुंबाने स्वतः उपाशी राहून अतिथीला सातू वाढले होते. तिथे सांडलेल्या कणांत ते लोळले आणि त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे, म्हणून ते मोठमोठ्या यज्ञांत लोळत फिरत होते. युधिष्ठिराच्या यज्ञात रत्नांचे ढीग वाटले गेले. पण मुंगसाचे अंग तसेच राहिले. ही गोष्ट मुलांना सांगा. मुले विचारतील, 'मग ते मुंगूस अजून फिरतंय का?' उत्तर देण्याची घाई करू नका. फिरत असेलही. यंदा दिवाळीच्या यादीतली तळाची ओळ लिहिताना ते आपल्याही उंबऱ्याशी येऊन बसले असेल. आणि जमिनीवर मावळे मांडणाऱ्या त्या श्रोत्याला ते आपल्याआधी दिसेल.